ग्रामसभेकडून विषय समित्यांकडे

सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्याचा कारभार पूर्वी ग्रामपंचायतीकडे होता. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावाला ग्रामसभा दिली. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर या सभेच्या ठरलेल्या तारखा. मतदार यादीत नाव असलेला कोणीही उभा राहून गटार का तुंबले, असा जाब सरपंचाला विचारू शकत असे.

पुढे नगरपंचायत झाली आणि १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू झाला. १७ प्रभागांतून नगरसेवक निवडून आले. पाणीपुरवठा, आरोग्य-स्वच्छता, बांधकाम, महिला व बालकल्याण अशा विषय समित्यांचा कारभार सुरू झाला.

या कामाची खरी कसोटी आषाढीत लागते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. टँकर कुठे भरायचे, तात्पुरती शौचालये कुठे ठेवायची, मुक्काम हलताच कचरा कोणी उचलायचा, हे आधीच ठरवावे लागते.

नगरपंचायत झाल्याने शहरी योजनांचा निधी मिळतो, पण १९६५ च्या अधिनियमात ग्रामसभा नाही. हे मोठे नुकसान आहे. म्हणून नातेपुतेकरांनी नगरपंचायतीच्या सभेचे इतिवृत्त मागून वाचावे. माहिती अधिकार २००५ पासून आहेच.