चुलीचा धूर, स्त्रियांचे हृदय आणि सरकारी तिजोरी

१९५९ साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात दिल्लीहून एक निबंध गेला. लेखक होते डॉ. एस. पद्मावती आणि डॉ. एस. एन. पाठक, आणि विषय होता ‘कॉर पल्मोनेल’च्या १२७ रुग्णांचा अभ्यास. या विकारात आधी फुप्फुसे झिजतात. मग त्यांतून रक्त ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या निलयाला जास्त जोर लावावा लागतो. ते जाड होते, फुगते आणि शेवटी थकते. युरोपात हा मुख्यतः पुरुषांचा, धूम्रपान करणाऱ्यांचा आणि खाणकामगारांचा आजार मानला जाई. दिल्लीत मात्र स्त्रियाही जवळजवळ तेवढ्याच संख्येने येत होत्या, त्याही तुलनेने लहान वयात. सत्तरच्या दशकात पद्मावतींनी हा हिशेब पुन्हा मांडला. पुरुष रुग्णांत धूम्रपान करणारे बहुसंख्य होते, स्त्रियांत अगदी थोड्या. तरीही आजाराचे प्रमाण सारखेच. संशय गेला तो गोवऱ्या आणि लाकडांच्या धुराकडे.

हृदयविकार प्रतिबंधाच्या इतिहासात हा निबंध क्वचितच आठवला जातो. मला तो पाया वाटतो, कारण पुढच्या सहा दशकांत सरकारने चुलीवर भरपूर पैसा खर्च केला, पण तो हृदयासाठी म्हणून फारसा केला नाही.

धुराची जाणीव त्याहून जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत, म्हणजे जे. सी. कुमारप्पांच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या आवारात, १९४७च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. धुराड्यातून धूर बाहेर काढणारी ही मातीची चूल. हैदराबादच्या एस. पी. राजू या अभियंत्यांनी १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिकाच काढली. या मंडळींना बाईचे डोळे, खोकला आणि घराची काजळी दिसत होती. सरकारला दिसले ते जंगल. १९८३ नंतर अपारंपरिक ऊर्जा विभागाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तोही तेलटंचाई आणि जळाऊ लाकडाच्या चिंतेतून. चुलीची साधारण निम्मी किंमत सरकार देई. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या, अनेक थोड्याच वर्षांत मोडल्या, आणि २००२ मध्ये केंद्राने हात काढून घेतला. चूल किती लाकूड वाचवते हे प्रयोगशाळेत तपासले जाई. तिच्यापुढे बसलेल्या बाईच्या छातीत किती धूर जातो, हे मात्र त्या मापनात नव्हते.

ते मोजले कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने. १९८१ मध्ये गुजरातच्या खेड्यांत, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील सहकाऱ्यांसह, त्याने स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवेचे नमुने घेणारी उपकरणे बांधली. मोजमापाची ही साधी कल्पना मला फार आवडते. यंत्र गावाच्या चौकात ठेवले तर चौकाची हवा कळते, श्वास घेणारीची कळत नाही. आपली हवेची राष्ट्रीय मानके आजही बाहेरच्या हवेसाठी आहेत: पीएम २.५ कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस ५ची आहे. चूल पेटलेल्या बंद खोलीत हा आकडा शेकड्यांत जातो.

इथे एक वक्र समजून घ्यायला हवा. २०१४ मध्ये बर्नेट आणि सहकाऱ्यांनी बाहेरची हवा, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर आणि स्वतःचे धूम्रपान यांतील कणांची मात्रा व हृदयविकाराचा धोका एकाच आलेखावर बसवला. चुलीची मात्रा या बिंदूंच्या मधल्या पट्ट्यात पडते. तिच्यासाठी हृदयविकाराचे पुरेसे थेट आकडे नव्हते, म्हणून तो पट्टा वक्रावरूनच वाचावा लागला. (भौतिकीत याला अंतर्वेशन म्हणतात, आणि ते किती जपून करायचे हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.) वक्राचा आकार बोलका आहे. सुरुवातीला तो झपाट्याने चढतो, पुढे सपाट होत जातो. म्हणजे ५०० मायक्रोग्रॅमवरून २५०वर आलात तर धूर निम्मा झाला, पण हृदयाचा धोका थोडासाच उतरला. खरा लाभ शेवटच्या उतारावर आहे. ग्वाटेमालात धुराडे असलेल्या चुली दिल्यावर स्त्रियांचा खालचा रक्तदाब सुमारे ३ मिलिमीटरने उतरला, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. लाभ आहे, पण माफक. म्हणूनच निम्मे अनुदान, निम्मी सुधारणा हा हिशेब इथे लागू पडत नाही. अर्ध्या खर्चात अर्ध्याहून बरेच कमी हाती येते.

१ मे २०१६ रोजी बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली. गॅसजोडणी घरातल्या स्त्रीच्या नावे, १६०० रुपयांचे साहाय्य. आठ कोटींचा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ला औरंगाबादेत गाठल्याचे जाहीर झाले. जोडणी पोहोचली, पण २०२२-२३ मध्येही लाभार्थी कुटुंबे वर्षाला सरासरी चारपेक्षा कमी सिलिंडर भरून घेत होती. याचा अर्थ चूल विझलेली नाही; घर वक्राच्या सपाट भागातच रेंगाळते आहे.

राजस्थानात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. डॉ. राजीव गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तिथल्या खेड्यांतील ३,१४८ प्रौढांची पाहणी मांडली, त्यांत १,१६६ स्त्रिया होत्या. शिक्षण जितके कमी तितका हृदयविकार अधिक, स्त्री-पुरुष दोघांतही. श्रीमंतांचा आजार या समजुतीला तेव्हाच तडा गेला होता.

जयपूर-आग्रा रस्त्यावरच्या बस्सी तहसिलीत पाहा. बाजरी-मोहरीचा हा मुलूख. काड्या, गोवऱ्या आणि विलायती बाभूळ दाराशीच. इथे घरोघरी जाणाऱ्या सरकारी कार्यकर्तीचा इतिहासही आहे. १९८४च्या महिला विकास कार्यक्रमातील ‘साथिन’ भंवरी देवी याच तहसिलीतील भटेरीच्या. बालविवाह रोखण्याच्या कामाची भयंकर किंमत त्यांनी १९९२ मध्ये मोजली, आणि त्यातूनच १९९७चा विशाखा निवाडा आला. आज तेच उंबरे आशा कार्यकर्ती ओलांडते. तिशीपुढच्यांसाठी भरायच्या तिच्या फॉर्ममध्ये तंबाखू आणि कमरेच्या घेराबरोबर स्वयंपाकाचे इंधन कोणते, हा प्रश्नही आहे. पद्मावतींचा संशय जवळजवळ साठ वर्षांनी आरोग्य खात्याच्या कागदावर उतरला. एका फॉर्ममागे तिला १० रुपये मिळतात.

उत्तर ‘लाकूड’ आले तर पुढे काय, याची तरतूद त्या कागदात नाही. रक्तदाबाची गोळी आरोग्य खात्याच्या पैशातून येते, सिलिंडरचे अनुदान पेट्रोलियम खात्यातून. राजस्थानने १ जानेवारी २०२४ पासून उज्ज्वलाधारकांना ४५० रुपयांत सिलिंडर द्यायला सुरुवात केली; तोही इंधनखर्च म्हणूनच मांडला जातो. माझ्या मते त्यातला निदान काही भाग हृदयविकार प्रतिबंधाच्या खाती धरायला हवा. तसे केले तरच आरोग्य खात्याला विचारता येईल की बस्सीतल्या बाईने यंदा किती सिलिंडर भरले, आणि कमी भरले असतील तर का.