पत्र्याच्या पेटीतला बाप

येलदरीचं धरण 1968 साली पुरं झालं. पूर्णेवर भिंत चढत होती तेव्हा आमचा बाप तिथं मजुरीला होता. त्या वक्ताचा त्याचा एकच काळा-पांढरा फोटो पत्र्याच्या पेटीत आहे. कडा कसरीनं खाल्ल्या, पण बापाचे डोळे तसेच. काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदीचे बारीक कण असतात, ते टिकतात. माझ्या लग्नाचे रंगीत फोटो मात्र पार तांबडे पडले.

फिल्मही अमर नाही. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळं आज उरली नाहीत. 2003 साली पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट लई लवकर पेटतं.

आईचे शेवटचे फोटो धाकट्याच्या मोबाईलात होते. मोबाईल विहिरीत पडला. "आबा, दुसरीकडं ठिवलेच नव्हते," म्हणाला अन् खाली बघत बसला. मी काय बोलणार? आईचं तोंड आता नुसतं डोळे मिटल्यावर दिसतं.

शेतकरी सगळं बी एका कणगीत ठेवत नाही. आता बापाचा फोटो मोबाईलात आहे, परभणीला लेकीकडं पेनड्राइव्हात आहे अन् अस्सल पेटीत. मागं पेन्शिलीनं नाव-गाव लिहिलंय. नातवंडांनी विचारायला नको, हा कोण म्हणून.