घुमटाला ४९ बिंदू

बडोद्याच्या आर्ट्‌स फॅकल्टीचा घुमट संगणकाच्या पडद्यावर उभा करायला ४९ बिंदू पुरतात. बारा बाजूंची चार कडी एकावर एक रचायची, वरचं प्रत्येक कडं थोडं लहान, आणि माथ्यावर एक टोक. बिंदू जोडले की ३६ चौकोन नि १२ त्रिकोण होतात. जवळच्या सयाजीगंजात राहणाऱ्याला हा घुमट पाठ असतो, म्हणून जुन्या ३८६ पीसीवर मी पहिला तोच केला. रॉबर्ट चिझमने आखलेल्या त्या इमारतीची नक्षी यात अजिबात येत नाही. पण बाणाच्या कळा दाबत पुढे गेलं की घुमट मोठा होत अंगावर येतो, बाजूला सरकलं की त्याची कूस दिसते. केवढा आनंद होतो!

हे ज्याच्यामुळे जमतं तो प्रोग्राम म्हणजे रेंड३८६. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या डेव्ह स्टॅम्प आणि बर्नी रोल यांनी तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिला आणि फुकट वाटला. त्याआधी आभासी जग हे श्रीमंत प्रयोगशाळांचं काम होतं. आयव्हन सदरलँडने १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा त्रिमिती पडदा दाखवला, तो छताला टांगलेला असे. जॅरन लॅनियरच्या व्हीपीएल कंपनीने १९८० च्या दशकात हातमोजे आणि हेल्मेटं विकायला काढली, पण त्यांची किंमत हजारो डॉलरच्या घरात. घरी पीसी असलेल्या माणसाला त्यात जागाच नव्हती.

आणि पीसीची अडचण मोठी होती. ३८६ ला अपूर्णांकांचं गणित करणारा भागच नाही. त्यासाठी ३८७ ही चिप वेगळी विकत घ्यावी लागे, आणि कित्येक मशिनांत तिचा सॉकेट रिकामाच राही. घुमट फिरवायचा तर प्रत्येक बिंदूला साइन-कोसाइनने गुणावं लागतं, आणि ते सगळे अपूर्णांक. यावरचा तोडगा जुनाच, पण मला तो फार सुंदर वाटतो. संख्येला आधीच ६५,५३६ ने गुणून ठेवायचं. मग अर्धा म्हणजे ३२,७६८ आणि दीड म्हणजे ९८,३०४. सगळा हिशेब पूर्णांकांत करायचा आणि दर गुणाकारानंतर १६ बिट उजवीकडे सरकवायचे. ३८६ असा गुणाकार ९ ते ३८ क्लॉकमध्ये उरकतो. साइनची कोष्टकं आधीच तयार. रुपयांऐवजी पैशांत हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला ही रीत सांगावी लागणार नाही.

वस्तूचं वर्णन साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतं, तिच्या नावाला शेपूट पीएलजी. पहिल्या ओळीत वस्तूचं नाव, बिंदू किती, पृष्ठं किती. मग एकेका बिंदूचे तीन आकडे. मग एकेक पृष्ठ: रंग, कोपरे किती, आणि कोणकोणते बिंदू क्रमाने जोडायचे. हा क्रम फार महत्त्वाचा, कारण पृष्ठाची बाहेरची बाजू कोणती हे त्यावरून ठरतं. एका चौकोनाचा क्रम उलटा लिहिला की घुमटाला तिथे भोक पडतं आणि आरपार घुमटामागचं दिसतं. नोटपॅडइतका साधा एडिटर असला की कुणालाही आपलं जग लिहिता येई.

हाताचं आणि डोळ्यांचं कामही खेळण्यांनीच भागवलं. मॅटेलने १९८९ मध्ये निन्टेन्डोसाठी पॉवर ग्लोव्ह काढला होता. बोटं वाकलेली ओळखणाऱ्या पट्ट्या, मोज्यावर अल्ट्रासाउंड सोडणारे दोन स्रोत, टीव्हीवर तो ऐकणारे तीन कान. पीसीच्या प्रिंटर पोर्टला तो कसा जोडायचा हे १९९० मध्ये बाइट मासिकात छापून आलं. सेगाचे एलसीडी चष्मे डावा-उजवा डोळा आळीपाळीने झाकत, ते एका छोट्या सर्किटने सिरियल पोर्टवर चढले. रेंड३८६ ला दोन्ही चालत.

आज हे जुन्या मशिनवर उभं करायचं तर आधी मदरबोर्डवरची पिंपासारखी छोटी बॅटरी पाहावी. ती बहुधा फुटलेली असते, आणि भोवतीचे तांब्याचे ट्रॅक हिरवे पडलेले असतात. ती काढून जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसायची, मग अल्कोहोलने. बॅटरी गेली म्हणजे बायॉसमधली हार्ड डिस्कची नोंदही गेली, तेव्हा सिलिंडर, हेड, सेक्टर यांचे आकडे डिस्कच्या लेबलवरून वाचून बायॉसमध्ये हाताने भरायचे. नंतर डॉसच्या कॉन्फिग.सिस फाइलमध्ये हायमेम, डॉस वर ढकलायचं, म्हणजे ६४० केबीतली जास्तीत जास्त जागा मोकळी राहते. माउस ड्रायव्हर सोडून बाकी काही चढवू नये. एवढा खटाटोप नको असेल तर डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्येही हे चालतं, पण तिथे सायकल्स कमी करून बघावेत. नाहीतर ३८६ ला घुमट फिरवताना पडणारे कष्ट दिसत नाहीत आणि ते दिसावेत असं मला मनापासून वाटतं.

१९९३ मध्ये स्टॅम्प आणि रोल सहलेखक असलेलं पुस्तक प्रोग्रामच्या डिस्कसकट दुकानांत आलं. पुढे स्टॅम्पने व्हीआर-३८६ हा प्रोग्राम केला आणि रोलने अॅव्हरिल. रेंड३८६ मध्ये फिग नावाची आणखी एक फाइल असे. तिच्यात खांद्याला कोपर आणि कोपराला मनगट असे अवयव एकमेकांना टांगलेले, म्हणून खांदा हलला की अख्खा हात हले. आभासी माणसाच्या सांध्यांची रचना ठरवणारं एच-अॅनिम हे मानक पुढे आलं, त्याच्या घडणीतही रोल होते. आयएसओने त्याला १९७७४ हा क्रमांक दिला आहे.