पटावरील पुरुषांची पंगत



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि तख्ते डोळ्यांपुढे उभी राहतात. आज सांगावयाची लढाई चौसष्ट घरांच्या पटाभोवती झाली. तिच्यात रक्त सांडले नाही. मात्र न्यायालयाची पायरी चढावी लागली. लढणारी व्यक्ती होती तेरा वर्षांची एक मराठी मुलगी, रोहिणी खाडिलकर.

स्थळ गिरगाव. तुमच्यापैकी कित्येकांचे बालपण तिथल्या चाळींत गेले असेल. पुढे जागेच्या टंचाईने तीच कुटुंबे ठाण्यास, डोंबिवलीस येऊन स्थिरावली. तेव्हा त्या परिसराचे वर्णन करण्याची गरज नाही. खाडिलकर हे घराणेही तुम्हांस ठाऊक आहे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली ‘नवाकाळ’ काढला. त्यांचे नातू नीळकंठराव पुढे त्याच पत्राचे संपादक झाले. त्यांच्या तीन मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. घरात अग्रलेखाची शाई आणि बुद्धिबळाची मोहरी एकत्रच नांदत होती.

१९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा बंगलोरला भरली. ती वासंतीने जिंकली. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे ते अजिंक्यपद या घराचा उंबरठा ओलांडून बाहेर गेलेच नाही! तिघी बहिणींनी ते आपसांत फिरविले. १९७९ साली जयश्री महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. हा किताब मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री.

महिलांची स्पर्धा वेगळी असावी की नसावी, हा प्रश्न मला वाटतो तितका सोपा नाही. वेगळी स्पर्धा नसती तर या मुली घराबाहेर पडून पटावर बसल्या असत्या की नाही, याची शंका आहे. पण शिडी म्हणून उभी केलेली वस्तू पाहता पाहता कुंपण होते. दरवर्षी अंतिम लढत बहिणीशीच खेळावयाची असेल, तर खेळ वाढावा कसा? तलवारीला धार लावावयास कठीण दगडच लागतो, आणि तो दगड त्या काळी पुरुषांच्या स्पर्धेत होता.

१९७६ साली रोहिणी राष्ट्रीय ‘पुरुष’ अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. त्यापूर्वी कोणतीही स्त्री त्या स्पर्धेत खेळली नव्हती. गदारोळ उठला. पुरुषांच्या पंगतीत मुलीचे पान मांडले, एवढाच काय तो अपराध! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे मुलीची बाजू टिकली. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनीही निर्णय दिला, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. पटावरचे उत्तर रोहिणीने स्वतःच दिले. तिने त्या स्पर्धेत तीन राज्यांच्या विजेत्यांना हरविले.

या यूवसाहेबांविषयी थोडे विषयांतर करतो, कारण येथे इतिहासाने मोठी गंमत केली आहे. १९२७ साली लंडनमध्ये पहिली महिला जगज्जेती झाली, तिचे नाव व्हेरा मेंचिक. १९२९ मध्ये कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत तिला पुरुषांबरोबर खेळावयास बोलाविले, तेव्हा व्हिएन्नाचे बेकर नावाचे खेळाडू थट्टेने म्हणाले, की जो तिच्याकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेंचिक क्लबा’चा सभासद करून घ्यावे. व्हेरा त्या स्पर्धेत शेवटच्या क्रमांकावर राहिली, हे खरे. पण क्लबाचे पहिले सभासद बेकरच झाले! पुढे हेस्टिंग्जच्या लागोपाठ दोन स्पर्धांत आणखी एक गृहस्थ तिच्याकडून हरले. १९३५ साली जगज्जेते झालेले मॅक्स यूव ते हेच. स्त्री पटावर समोर बसली म्हणजे काय होऊ शकते, हे १९७६ च्या अध्यक्षांस स्वानुभवाने ठाऊक होते. व्हेरा मात्र हे पाहण्यास राहिली नव्हती. १९४४ च्या जूनमध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बॉम्बने तिचा बळी घेतला.

आपल्याही देशातील एक नाव येथे घेतले पाहिजे. १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले ते फातिमा नावाच्या तरुणीने. पंजाबचे सर उमर हयातखान यांच्या विलायतेतील परिवारात ती सेविका होती. जिंकली, आणि मायदेशी परतल्यावर खेळाच्या इतिहासातून नाहीशी झाली. तिच्यामागे वर्तमानपत्र नव्हते, न्यायालयात जाणारा बाप नव्हता. रोहिणीचे यश उणे करण्यासाठी हे सांगत नाही. पण अशा लढाईला घरचे पाठबळ केवढे लागते, हे विसरून चालणार नाही.

रोहिणीची पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. पाच वेळा राष्ट्रीय महिला अजिंक्यपद, १९८० चा अर्जुन पुरस्कार, १९८१ मध्ये हैदराबादेत आणि १९८३ मध्ये क्वालालंपूरला आशियाई महिला अजिंक्यपद. १९९३ साली तिने खेळ सोडला, मुद्रणशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९९८ मध्ये ‘संध्याकाळ’ या पत्राची संपादिका झाली.

आता कोणी म्हणेल, १९७६ ला प्रश्न मिटला. कसला मिटतो! दहाच वर्षांनी, १९८६ मध्ये, हंगेरीच्या झुझा पोल्गार हिने पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीत खेळण्याचा हक्क मिळविला, तरी तिला खेळू दिले नाही. तोच वाद नव्याने लढावा लागला, आणि मग कोठे त्या अजिंक्यपदाच्या नावातील ‘पुरुष’ हा शब्द गळाला.

२०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. पटाच्या एका बाजूस आंध्रची कोनेरू हंपी होती, दुसऱ्या बाजूस नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. दिव्या जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. हा किताब पुरुषांना मिळतो तोच आहे. त्याच्या मागे ‘महिला’ हा शब्द लावलेला नाही.