चार मास्तरांच्या सह्या

जपानात कुणी शाळा सोडून निघालं की वर्ग त्याला एक चौकोनी पुठ्ठा देतो. मधोमध नाव, भोवती प्रत्येकाच्या निरोपाच्या दोन ओळी. १९८५च्या नोव्हेंबरात टोकियोच्या नाकानो भागातल्या एका माध्यमिक शाळेत असा पुठ्ठा फिरला, पण मुलगा कुठेच चालला नव्हता. त्याच्या बाकावर फुलं नि उदबत्ती ठेवून वर्गाने त्याच्या अंत्यविधीचं सोंग केलं होतं. सह्यांमध्ये चार शिक्षकांच्याही होत्या. फेब्रुवारीत त्या तेरा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली.

पोरांचं एक वेळ समजू शकते. मास्तरांनी पेन उघडलं कसं?

नीतीचे धडे नव्हते म्हणावं, तर तसंही नाही. युद्धाआधीचा 'शूशिन' हा विषय सम्राटनिष्ठा घोकून घेई. १९४५च्या डिसेंबरात अमेरिकनांनी तो बंद केला. १९५८पासून 'दोतोकु'चा आठवड्याला एक तास आला. आमच्या मूल्यशिक्षणासारखाच तोही बरेचदा दुसऱ्याच कशाला तरी देऊन टाकत.

खरी उलथापालथ झाली ती छळाच्या सरकारी व्याख्येत. नाकानोनंतर छळ कशाला म्हणायचं ते ठरलं, पण शाळेने खातरजमा केली असेल तरच. आरोपीच्याच सहीचा पंचनामा! १९९४मध्ये ती अट गेली, आणि सोसणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहायचं ठरलं.

तरी २०११मध्ये ओत्सू शहरात आणखी एका तेरा वर्षांच्या मुलाने जीव दिला. त्याची शाळा तर थोड्याच काळापूर्वी शिक्षण मंत्रालयाच्या नीतिशिक्षण प्रकल्पासाठी निवडली गेली होती. मग २०१३चा कायदा आला: प्रत्येक शाळेत छळविरोधी समिती, गंभीर प्रकरणाची चौकशी सक्तीची. २०१९पासून दोतोकु माध्यमिक शाळांतही रीतसर विषय झाला, पाठ्यपुस्तकासकट. गुण मात्र नाहीत, नुसता शेरा.

आमची मुलगी इथे टोकियोतल्या निशिकासाईत सरकारी माध्यमिक शाळेत जाते. 'दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेते' असा शेरा आला, तर पुण्याहून आजीचा प्रश्न, "ते ठीक गं, मार्क किती?" मला वेगळंच हवं होतं. पालकसभेत मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, समितीत कोण कोण आहे आणि मुलाने थेट कुणाकडे जायचं? वर्गशिक्षकांनी लगेच कपाटातून शाळेच्या छापील धोरणाची प्रत काढून दिली. नावं, खोली, सगळं होतं त्यात. घरी मुलीला दाखवली. तिने ती पहिल्यांदाच पाहिली.