बालवाडीच्या शिक्षिकेची कर्तव्ये व जबाबदाऱ्या

जून महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांतील बालवाड्यांच्या दाराशी रडारड सुरू होते. तीन-साडेतीन वर्षांची मुले आईचा हात सोडावयास तयार नसतात आणि आईचाही पाय तेथून निघत नाही. ही वेळ जिला निभवावी लागते त्या शिक्षिकेविषयी आपल्या समाजात एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. ‘बालवाडीला काय, कोणीही शिकवील,’ असे आपण सहज म्हणून जातो. बारावी होऊन घरी बसलेली मुलगी, लग्न ठरेपर्यंत काही काम हवे असलेली मुलगी किंवा मोठ्या वर्गांवर जम न बसलेली शिक्षिका, अशांना बालवाडीवर धाडण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ही रीत मुलांवर अन्याय करणारी आहे असे आमचे मत आहे. म्हणून या शिक्षिकेने नेमके काय करावयाचे असते, काय करावयाचे नसते आणि तिच्या बाबतीत पालक व संस्थाचालक यांच्याकडे काय लागते, याची माहिती येथे एकत्र देत आहोत.

हे काम कोठून आले?

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी आपल्या बालशाळेला १८४० साली ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्यानंतर इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणादिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. माँटेसरीबाई स्वतः कॅथलिक होत्या. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. मद्रासजवळील अड्यार येथे त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्ग घेतले.

त्यापूर्वीच आपल्याकडे काम सुरू झाले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. तेथे त्यांना ताराबाई मोडक (१८९२–१९७३) येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. आपल्या वाचकांना जवळचा वाटावा असा भाग यापुढचा आहे. शहरातील खर्चिक बालमंदिरे गरिबांच्या उपयोगाची नाहीत हे ओळखून ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथे त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे हे काम डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले व वारली मुलांमध्ये रुजले. परदेशी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांतून साधने तयार केली. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आपल्याच पालघर जिल्ह्याच्या मातीतून निघालेला हा शब्द आज देशभर वापरला जातो, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी.

मुलाला सांभाळणे

शिक्षिकेचे पहिले कर्तव्य मुलाला निर्धास्त करण्याचे आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अक्षर-अंक कोणाच्याही डोक्यात शिरत नसतात. ‘येथे मला ओळखणारे कोणी आहे’ एवढेच मुलाला कळावे लागते. म्हणून दारात उभे राहून प्रत्येकाला घरच्या नावाने हाक मारणे, रडणाऱ्याला जवळ घेणे, ‘आई जेवणाच्या सुट्टीनंतर येईल’ असे खरे तेच सांगणे ही कामे महत्त्वाची ठरतात. ‘रडलास तर आई येणारच नाही’ असे धमकावणे हा क्रूरपणा आहे. पालकांनीही मुलाची नजर चुकवून पळ काढू नये. निरोप घेऊन जावे. पळून गेलेल्या आईचे मूल दुसऱ्या दिवशी दुप्पट घाबरते, हे कोणतीही अनुभवी शिक्षिका सांगेल.

शौच-लघवीला नेणे, हात धुवून घेणे, डबा उघडून देणे, नाक पुसणे ही कामे मदतनीस बाईंची आणि शिकवणे तेवढे आपले, अशी वाटणी या वयात चालत नाही. बटण लावता येणे, पाण्याचा पेला न सांडता नेता येणे, आपली चप्पल जागेवर ठेवता येणे हाच येथील अभ्यास असतो. मदतनीस मात्र असलीच पाहिजे. एक मूल शौचालयात असताना उरलेल्या वर्गाकडे पाहणारे दुसरे मोठे माणूस नसेल, तर अपघात झाल्यावर शिक्षिकेला दोष देण्याचा अधिकार संस्थेला उरत नाही.

कोणाला आकडी येते, कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला दमा आहे याची नोंद शिक्षिकेजवळ लेखी असावी. मुलाला न्यावयास कोण येणार त्यांची नावेही प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यावीत. ओळखीचा चेहरा आहे, शेजारचाच काका आहे, एवढ्यावर मूल हवाली करू नये. याबाबत काही पालक रागावतात. शिक्षिकेने तो राग सोसावा आणि मुख्याध्यापिकेने तिची बाजू घ्यावी.

खेळ, गोष्ट आणि पेन्सिल

आता ज्या विषयावरून सर्वांत जास्त वाद होतात, त्याकडे वळू. पालकांना वही हवी असते. मूल शाळेत जाऊन महिना झाला, पण वहीत काही नाही, अशी तक्रार घेऊन ते येतात. समोरच्या इंग्रजी नर्सरीतील मुले शंभरपर्यंत लिहितात, असा दाखलाही देतात. मग बिचारी शिक्षिका मुलाचा हात धरून पाने भरविते.

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू पेन्सिल धरून रेषेत लिहिण्याइतके तयार झालेले नसतात. ते तयार होतात मातीचे गोळे वळण्याने, मणी ओवण्याने, कागद फाडून चिकटविण्याने, वाटाणे सोलण्याने, वाळूत बोटाने रेघोट्या ओढण्याने. ही तयारी न होता पेन्सिल हाती दिली तर मूल ती मुठीत आवळून धरते, हात दुखतो आणि लिहिण्याचा कंटाळा येतो. संख्येचेही तसेच आहे. शंभरपर्यंतचे आकडे घोकणाऱ्या मुलासमोर सात चिंचोके ठेवून ‘पाच दे’ म्हटले की ते गोंधळते. मोजणे, जोड्या लावणे, लहान-मोठे लावणे, कमी-जास्त ओळखणे हे हाताने करून झाल्यावर आकडा आला तर तो टिकतो.

ही आमचीच मते आहेत असे समजू नये. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ सालच्या अहवालात बालवाडीच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस केली होती. कोवळ्या मुलांवर औपचारिक लेखन-वाचनाचा भार लादण्याविरुद्धही समितीने बजावले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एकच पायाभूत स्तर मानला. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी असा हा पाच वर्षांचा टप्पा आहे. त्यासाठी २०२२ साली निघालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा भर खेळातून शिकण्यावर आहे. तेव्हा भरलेली वही मागणाऱ्या पालकाला शिक्षिकेने नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा. हे तिचे कर्तव्यच आहे. फादर, सिस्टर आणि शाळेचे व्यवस्थापक तिच्या पाठीशी उभे राहिले तरच ते तिला जमेल. पटसंख्या घटेल या भीतीने व्यवस्थापनच वह्या भरावयास सांगू लागले तर तिने कोणाकडे पाहावे?

गोष्ट रोज सांगावी. पुस्तक न पाहता, मुलांच्या डोळ्यांत पाहून, आवाज चढवीत-उतरवीत सांगावी. मुलांनी तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तर दहाव्यांदा सांगावी. ओळखीच्या वाक्याची वाट पाहण्यात त्यांना आनंद असतो आणि त्यातूनच भाषा पक्की होते. गोष्टीच्या शेवटी ‘यावरून आपण काय शिकलो?’ असे विचारण्याची सवय मात्र सोडावी. आम्हा धर्मगुरूंनाही प्रवचनात ती असते.

घरची भाषा

वसईच्या पट्ट्यात मूल घरातून सामवेदी किंवा वाडवळी बोलत येते. किनाऱ्यावरचे मूल कोळी बोली आणते, तर डहाणू-तलासरीकडचे वारली. प्रमाण मराठीच त्याला अर्धी परकी असते. तेथे पहिल्या दिवसापासून इंग्रजी सूचना ऐकू आल्या की बोलके मूल मुके होते. त्याला काही येत नाही म्हणून ते गप्प बसते असे नाही. त्याच्याजवळ जी भाषा आहे ती येथे चालत नाही, एवढेच त्याला समजलेले असते. शिक्षिकेने मुलाची बोली समजून घ्यावी, तिच्यातील चार शब्द आपण वापरावेत, घरच्या गाण्यांना वर्गात जागा द्यावी आणि मग हळूहळू शाळेच्या भाषेकडे न्यावे. शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे २०२० चे धोरणही सांगते. बोलीची टिंगल करणाऱ्या शिक्षिकेचे इतर सर्व गुण आम्ही कमी लेखतो.

शिस्त आणि कायदा

मारणे, चिमटा काढणे, अंधाऱ्या खोलीत उभे करणे, चड्डी ओली झाली म्हणून सर्वांसमोर हसणे, यांपैकी काहीही शिक्षिकेने करू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घातली आहे. हा कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे, म्हणून बालवाडीला तो लागू नाही असा युक्तिवाद कोणी करील. त्यांनी बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७५ पाहावे. अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा ताबा ज्याच्याकडे आहे, त्याने त्या मुलाशी क्रौर्य केल्यास तो गुन्हा ठरतो.

याहून गंभीर बाब लैंगिक अत्याचाराची आहे. लहान मूल ते शब्दांत सांगू शकत नाही. अचानक गप्प होणे, एखाद्या व्यक्तीला पाहून बिचकणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येणे, लघवीच्या वेळी दुखते म्हणणे अशा खुणा दिसल्या तर शिक्षिकेने त्या गंभीरपणे घ्याव्यात. यामागे इतर कारणेही असू शकतात, परंतु दुर्लक्ष करू नये. मुलाची उलटतपासणी घेऊ नये, त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते व संस्थेचा प्रमुख असल्यास एक वर्षापर्यंत. ‘आधी फादरांना विचारू, मग बघू’ असे म्हणण्यास कायद्यात जागा नाही. शाळेची, कुटुंबाची किंवा ख्रिस्तसभेची अब्रू जाईल म्हणून गप्प राहणाऱ्यांनी जगभर किती हानी केली, हे आपण सर्व जाणतो. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक प्रत्येक वर्गात लावलेला असावा.

पालकांशी नाते

आईवडील हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने १९६५ सालच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात म्हटले आहे. १९८३ च्या कॅनन लॉचे कलम ७९६ आणखी स्पष्ट आहे. पालकांनी शिक्षकांना सहकार्य करावे आणि शिक्षकांनी पालकांचे म्हणणे मनापासून ऐकून घ्यावे, असे ते सांगते. यासाठी शिक्षिकेने प्रत्येक मुलाची एक छोटी नोंदवही ठेवावी. कोणाशी खेळते, काय टाळते, कोणता नवा शब्द वापरला, कोठे अडखळते, एवढे आठवड्यातून दोन ओळी पुरेत. ऐकू कमी येणे, बोलणे लांबणे, नजर दोष अशा गोष्टी पुष्कळदा प्रथम बालवाडीतच लक्षात येतात. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. शिक्षिकेने फक्त आपण काय पाहिले ते आईवडिलांना एकांतात सांगावे. दारात, इतर आयांसमोर मुळीच सांगू नये.

धर्मशिक्षणाविषयी नेहमी विचारणा होते. आपल्या बालवाड्यांत सर्व धर्मांची मुले येतात. मुलांना कोणते धार्मिक शिक्षण द्यावे हे ठरविण्याचा हक्क पालकांचा आहे, हे विश्वसभेच्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही (१९६५) नमूद आहे. तेव्हा जेवणापूर्वी सर्वांना म्हणता येईल अशी आभाराची लहान प्रार्थना असावी. कॅथलिक मुलाला क्रुसाची खूण घरी आजीने शिकवावी. ते काम बालवाडीवर ढकलू नये.

शिक्षिकेचे पोट

कर्तव्यांची ही यादी वाचून एखादी शिक्षिका विचारील, ‘आणि मला काय मिळते?’ तिचा प्रश्न रास्त आहे. अनेक खासगी बालवाड्यांत तिला नियुक्तीपत्र नसते, मे महिन्याचा पगार नसतो, आजारपणाची रजा नसते. अंगणवाडी सेविकांना ‘मानधन’ मिळते, कारण त्यांना कर्मचारी मानले जात नाही. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निर्णय दिला, तो त्यांच्या दीर्घ लढ्याचे फळ आहे. धर्मग्रामांच्या बालवाड्यांनी न्यायालयाची वाट पाहू नये. लेखी नेमणूक, बारा महिन्यांचा पगार, बाळंतपणाची रजा आणि बालशिक्षणाच्या प्रशिक्षणाचा खर्च एवढ्या चार बाबी प्रत्येक पॅरिश कौन्सिलने पुढील वर्षाचे अंदाजपत्रक करतानाच मंजूर कराव्यात. इमारतीला रंग देण्याचा खर्च त्यानंतर धरावा.