स्कारा, १९८०: एका घराची चाल

जानेवारी १९८०. स्वीडनमधलं स्कारा हे छोटंसं गाव. बाहेरच्या थंडीने बधिरलेले हात चोळत तुम्ही सभागृहात शिरता. युरोपियन सांघिक बुद्धिबळ स्पर्धेचे अंतिम सामने चालू आहेत. कुणी मोठ्याने बोलत नाही. ऐकू येते ती काट्यांच्या घड्याळांची टिकटिक आणि चाल झाल्यावर घड्याळावर पडणारी थाप.

तुम्ही आलात ते पहिल्या पटासाठी. सोव्हिएत संघ विरुद्ध इंग्लंड. भविष्यातून आलेला माणूस कुणाला दिसत नाही, त्यामुळे प्रेक्षकांची रांग ओलांडून तुम्ही थेट पांढऱ्या मोहऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहता. समोरच्या खुर्चीत शिडशिडीत अंगाचा अनातोली कार्पोव. वय २८. १९७५ पासूनचा जगज्जेता. दीडेक वर्षापूर्वी बाग्विओत कोर्चनॉयला हरवून त्याने किताब राखलाय. हा माणूस क्वचितच हरतो. पलीकडे बर्मिंगहॅमचा टोनी माइल्स. वय २४. ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांपैकी पत्राने नव्हे तर पटावर बसून खेळून ग्रँडमास्टर झालेला पहिला खेळाडू, १९७६ साली.

कार्पोव राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवतो. ई-४. जगातली सगळ्यात चोखाळलेली वाट. माइल्सचा हात उठतो आणि पटाच्या अगदी कडेला जातो. हत्तीसमोरचं प्यादं, एकच घर. ए-६.

प्रेक्षकांत खसखस पिकते. जगज्जेत्यापुढे पहिल्याच चालीला हे? मध्यावर हक्क सांगायचा सोडून कडेचं प्यादं?

तुम्ही हसू नका. कार्पोवच्या जागी स्वतःला बसवा आणि उत्तर शोधा. विचित्र चाल दिसली की सगळ्यांच्याच मनात पहिली उबळ येते ती शिक्षा करण्याची. ‘हे चुकीचं आहे, आता दाखवतोच.’ ही उबळ क्षणभर बाजूला ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा. ही चाल काय करते? आणि काय करत नाही?

करते ते असं: शेजारच्या प्याद्याला बी-५ वर जायला आधार देते. ते गेलं की बी-७ चं घर मोकळं होतं, तिथे उंट बसतो आणि लांबच्या तिरक्या रेषेतून थेट तुमच्या ई-४ च्या प्याद्यावर नजर लावतो. काळ्याच्या फळीत ती कुठलंही भगदाड पाडत नाही. करत नाही ते असं: मध्यासाठी भांडत नाही. मग उत्तर आपोआप समोर येतं. तो मध्य सोडतोय ना? आपण घ्यायचा. डी-४.

कार्पोव तेच खेळतो. माइल्स बी-५. आता हशा आणखी वाढतो. हा हशा अवघडून टाकणारा होता, असं माइल्सने पुढे सांगितलंय. तुम्ही त्याच्याकडे पाहता. तो पटावरून नजर हलवत नाही. त्याचा हिशेब सरळ आहे. नेहमीच्या वाटेने गेलं तर पंधरा-वीस चालींपर्यंत समोर कार्पोव आणि सोव्हिएत बुद्धिबळाची सगळी तयारी उभी. या वाटेवर तिसऱ्या चालीपासून दोघांनाही स्वतःच्या डोक्याने चालायचंय.

ही चाल त्याने हवेतून काढलेली नाही. त्याचाच देशबांधव मायकेल बासमन असल्या वाटा हौसेने तुडवत होता. त्याही आधी, १८६८ साली, बेकर नावाच्या इंग्लिश हौशी खेळाडूने हीच ए-६ खेळून दिग्गज स्टाइनिट्झला हरवलं होतं; स्टाइनिट्झ तेव्हा एकाच वेळी अनेकांशी खेळत होता. तुम्हालाही ही एका घराची चाल तितकीशी परकी वाटू नये. आपल्याकडच्या जुन्या देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं.

पुढच्या तीन चाली कार्पोव अगदी योग्य खेळतो. घोडा एफ-३, उंट डी-३, वजीर ई-२. समोर बी-७ चा उंट आणि एफ-६ चा घोडा दोघेही ई-४ वर टपलेत, पण त्या प्याद्याला उंटाचा आणि वजिराचा भक्कम पाठिंबा आहे. मध्यात पांढऱ्याची दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी आहेत. डाव पांढऱ्याला चांगला आहे.

सहावी चाल. कार्पोव ए-४ खेळून बी-५ च्या प्याद्याला डिवचतो. माइल्स त्याकडे लक्षच देत नाही. तो सी-५ खेळून मध्यावर घाव घालतो.

इथे काळ थांबवा. तुम्हाला तशी मुभा आहे. डी-४ आणि ई-४ ही दोन प्यादी नीट पाहून घ्या, कारण सगळा डाव त्यांचा आहे. सी-३ खेळून डी-४ ला टेकू देता येतो. जोडी टिकते, मध्य टिकतो आणि काळ्याला जागेची चणचण भासत राहते. तुम्ही असता तर काय केलं असतं?

काळ सुरू होतो. कार्पोव सी-५ वर मारतो, माइल्सचा उंट ते प्यादं परत घेतो. जोडी फुटली. नवव्या चालीला दुसरं प्यादं ई-५ वर धावतं, घोड्याला हाकलायला. घोडा निवांत डी-५ वर जाऊन बसतो, पटाच्या ऐन मध्यात, आणि आता त्याला तिथून उठवायला पांढऱ्याचं ई-प्यादं मागे ई-४ वर उरलेलं नाही. ई-५ चं प्यादं पुढे निघून गेलंय, एकटं. मध्य पांढऱ्याचा होता. तो कुणी हिसकावून घेतला नाही, दोन चालींत हातचा गेला. ए-६ ने स्वतः काहीच जिंकलेलं नाही. तिने फक्त घाई करायला जागा करून दिली.

एकोणिसाव्या चालीला सभागृह पुन्हा जागं होतं. कार्पोवचा घोडा जी-५ वर, उंट ई-४ वर, दोघांचा रोख एच-७ वर. माइल्स एच-६ खेळतो. उंट एच-७ वर शह देतो, राजा कोपऱ्यात, उंट पार मागे बी-१ वर. जी-५ चा घोडा आता फुकट मिळतोय. वाका आणि पाहा. प्याद्याने तो घोडा मारला की वजीर एच-५ वर शह देईल, राजा जी-८ वर परतेल आणि वजीर एच-७ वर, बी-१ च्या उंटाच्या जोरावर, मात करेल. इतक्या सुबक सापळ्यात भलेभले अडकतील. माइल्स घोड्याला हात लावत नाही. तो शांतपणे उंट ई-७ वर आणतो, आणि घोड्यालाच तिथून हलावं लागतं.

मग फळं गोळा होतात. चोविसाव्या चालीला माइल्सचा वजीर बी-२ चं प्यादं खातो, पंचविसाव्याला ई-५ चं. मध्यातल्या जोडीतलं दुसरं प्यादंही गेलं. कार्पोव एक प्यादं परत मिळवतो, पण वजीर मारामारीत निघतात तेव्हा काळ्याकडे एक प्यादं जास्त आहे आणि दोन्ही उंट. मोकळ्या पटावर दोन उंट म्हणजे काय, हे माइल्स पुढच्या अठरा चालींत दाखवतो. घाई नाही, दिखावा नाही.

शेहेचाळिसावी चाल. कार्पोवचा हत्ती ए-८ वर जाऊन काळ्याच्या ए-५ वरच्या प्याद्यावर रोखलेला. माइल्स उंट सी-७ वर ठेवून त्याला आधार देतो. हे तेच प्यादं, ज्याच्यावर सगळे हसले होते. डावातली शेवटची चाल त्याला वाचवण्यासाठी होते, आणि जगज्जेता डाव सोडतो. या स्पर्धेत इंग्लंड तिसरं येणार आहे, सोव्हिएत संघ आणि हंगेरीच्या मागे.

आता परत या, आजच्या काळात. या बचावाला सेंट जॉर्ज म्हणतात, माइल्सच्या गावावरून बर्मिंगहॅमही. बड्या खेळाडूंनी तो नेहमीसाठी कधीच स्वीकारला नाही, आणि आजची संगणकी इंजिनंही पांढऱ्यालाच थोडं सरस मानतात. पण ते ‘थोडं’ फार महत्त्वाचं आहे. पहिल्या चालीला थोडंच मिळालेलं असतं, आणि आपण ते एकदम सगळं वसूल करायला जातो.

उद्या तुमच्यासमोर कुणी ए-६ खेळेल, किंवा एच-५, किंवा आणखी काही तिरपागडं. मध्य घ्या. घोडे-उंट बाहेर काढा, राजाचा किल्लेकोट करा. मध्यातल्या जोडीला टेकू द्या आणि ती फोडायचं काम समोरच्यावर सोडा. शिक्षा करण्याची वेळ येईल तेव्हा ती पटावर दिसेल. ती दिसेपर्यंत समोरच्या चालीला तेवढाच मान द्या, जेवढा जगज्जेत्याच्या चालीला दिला असता.